दुसरा कॉम्प्युटर सापडला नाही

सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं आपल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये रोज आपोआप उतरलं पाहिजे, असं जावयानं मनावर घेतलं आणि घराची शांतता गेली. सासरे इथे राहायला आले ते एक बॅग, एक छत्री आणि हा कॉम्प्युटर घेऊन. त्यावर सासूबाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं आवरण अजून होतं. चालू केला की तो आधी कण्हायचा, मग विचार करायचा आणि लहर लागली तर उघडायचा.

आत जपण्यासारखं एकच होतं. मुलगी शिकायला परगावी होती तेव्हा तिला पाठवायला म्हणून सासूबाईंनी त्यात आपला आवाज भरला होता. पाठवायचं राहूनच गेलं. आता सासूबाई नव्हत्या आणि त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

"पेनड्राइव्हवर घे ना सरळ," बायको म्हणाली.

"ते तात्पुरतं झालं. मी कायमची व्यवस्था करतोय." ऑफिसातला अडलेला प्रिंटर एकदा त्याच्या हातून सुरू झाला होता, तेव्हापासून जावई असंच बोलायचा.

बॅकअपची वेळ त्यानं दुपारची ठेवली. तेव्हा दोघं कामावर, घरात एकटे सासरे. संध्याकाळी येऊन पाहतो तर पडद्यावर एकच ओळ : दुसरा कॉम्प्युटर सापडला नाही.

"शेजारच्या खोलीतला?" सासरे म्हणाले. "मला तर चष्म्याशिवाय दिसतो."

जावई हट्टाला पेटला. बॅकअपची नेटवर्क सर्व्हिस त्यानं आपोआप सुरू होईल अशी लावली. तरी तेच. फायरवॉलमधून तिला वाट करून दिली. तरी तेच. मग दोन्ही कॉम्प्युटरची नावं बदलली, तेव्हा जुन्या नावांनाच ओळखणारा प्रिंटर रुसला आणि बायकोचे ऑफिसचे कागद अडकले. वाय-फायचा पासवर्ड बदलला, तर टीव्ही मुका झाला. सगळ्यात वाईट म्हणजे, संध्याकाळी तो स्वतः तपासायला बसला की दोन्ही कॉम्प्युटर सख्ख्या भावांसारखे बोलायचे. दुपारी मात्र अबोला.

अशातच एका संध्याकाळी जुना कॉम्प्युटर कण्हला आणि उघडलाच नाही. तिघंही त्याच्यापुढे बसून राहिले. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, तेव्हा तो कसाबसा जागा झाला. बायको तडक पेनड्राइव्ह आणायला गेली. तोही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी जावयानं रजा टाकली आणि नव्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडलं. बायकोनंही घरूनच काम घेतलं. फायली सुरळीत येत होत्या. जेवणं झाली आणि एकाएकी सगळं थांबलं. जावई धावत बाहेर आला. बोळात सासरे उभे होते, हात भिंतीवरच्या बटणावर. त्याच बटणावर वाय-फायची पेटी चालत होती.

"हे तुम्ही रोज बंद करता, बाबा?"

"आडवं होण्याआधी करतो. चहाच्या वेळी परत लावतो." सासरे जरा ओशाळले. "हिच्या आईनं जन्मभर हेच सांगितलं हो. तेव्हा कधी ऐकलं नाही. आता ऐकतो."

जावयानं बटण लावलं. फायली पुन्हा चालू लागल्या आणि थोड्या वेळानं सासूबाईंच्या आवाजाची ती एक येऊन पोचली. जावयानं ती लावली. तिघं जवळ सरकून बसले.

"बाळ, मी आई बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "जेवतेस ना वेळेवर? पांघरूण घेत जा..." पदर नव्हता म्हणून मुलीनं डोळ्यांना ओढणी लावली. मग आवाज एकदम चढला. "अहो, तिथे कुणी नाही आणि दिवा कशाला जळतोय? आणि बोळातलं बटण? बंद करा आधी!"

सासरे उठायला लागले.

"बसा बाबा, मी जातो," जावई म्हणाला. तो बोळात गेला आणि त्यानं बटण बंद केलं. पडद्यावर लगेच ओळ आली : दुसरा कॉम्प्युटर सापडला नाही.

"अरे, अजून निम्मं यायचं होतं ना?" बायको म्हणाली.

"होतं," जावई खाली बसत म्हणाला. "पण जावई म्हणून त्या मला कधी एका शब्दानं रागावल्या नाहीत. आज पहिल्यांदा रागावल्या, तर ऐकायला नको?"