शून्य उत्सर्जनाची बालवाडी

सोलापुरातल्या आमच्या वस्तीची बालवाडी कालबाह्य झाल्याचं प्रशासनाच्या निदर्शनास आलं. पत्र्याचं छप्पर, उखडलेली शहाबादी फरशी, दारात कडुनिंब आणि आत चक्क मुलं. एवढे दोष एकाच जागी आढळल्याने ती पाडून तिथं आधुनिक, शाश्वत, शून्य उत्सर्जनाची इमारत उभी करण्यात आली.

छतावर सौरपट्ट्या बसल्या. त्यांच्यावर कडुनिंबाची सावली पडू लागली. पर्यावरणाच्या व्यापक हितासाठी कडुनिंब तोडला.

आत हवा तपासणारं यंत्र होतं. पहिल्याच दिवशी ते बोंबलायला लागलं. अभियंता राजशेखरसाहेब धावत आले आणि सेविका जगदेवीबाईंवर उखडले.

"बाई, आत कार्बन कोण सोडतंय?"

"कोण न्हाय ओ साहेब. पोरं गाणं म्हणत्यात. मधनं मधनं श्वास घेत्यात, एवढंच."

"घेऊ द्या. घ्यायला नियमात हरकत नाही. सोडायचा मात्र बाहेर जाऊन."

श्वास सोडायला रांग लागली. पण दार उघडलं की जाड भिंतींनी विजेशिवाय धरलेला आतला गारवा जायचा. तेव्हा मुलांनी कायमचं बाहेरच बसावं, असा तोडगा निघाला.

एप्रिलचं ऊन. नातीला सोडायला आलेले धुळाप्पा आजोबा भडकले.

"पोरं उनात आन् भिंती गारव्यात? कुणासाटी बांदलंय हे?"

"पुढच्या पिढीसाठी, आजोबा," साहेब म्हणाले.

"मग ही कुटली पिढी हाय?"

"हे लाभार्थी."

जगदेवीबाई पोरांना भिंतीच्या सावलीत बसवायच्या आणि सावली सरकेल तशी रांग सरकवायच्या. दुपारी सावली संपली की शाळा सुटायची.

वीज वापरली नाही, पाणी सांडलं नाही, एक भिंत मळली नाही. साहजिकच इमारतीला राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला. फोटोत मुलं हवीत म्हणून त्यांना घटकाभर आत घेतलं.

"श्वास धरा रे!" साहेब ओरडले. सगळ्यांनी गाल टम्म फुगवले. फोटो निघाला.

"साहेब, आत आलोच हाय तर बसवू का जरा पोरांना? डोस्की तापल्यात वो."

"बसवा की. बाहेर."

तो फोटो तुम्हीही मोबाईलवर पाहिलाय. आपल्या लेकराच्या एसी नर्सरीसमोर गाडी चालू ठेवून थांबला होतात, तेव्हा. खाली तुम्हीच लिहिलंत, "कोण म्हणतं कुपोषण आहे? गाल बघा पोरांचे!"