भर उन्हातली छत्री

"मी काठी घेणार नाही म्हणजे नाही!" व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी तोंडावर सांगितलं आणि ऐटीत खुर्चीतून उठलो. उठताना गुडघा असा वाजला, की बाहेर बसलेल्या माणसानेही दारातून डोकावून पाहिलं.

तसा माझा गुडघा साधासुधा नाही. मी आयुष्यभर लोकांच्या घरांत फरशी बसवली. बाकीचे खुर्चीवर बसून नोकरी करतात, मी गुडघ्यांवर बसून केली. काम सोडल्यावर ठरवलं, आता तब्येत कमवायची! रोज सकाळी चढाच्या रस्त्याने तरातरा बागेत जायचो आणि तिथे बैठका मारायचो. तब्येत काही कमावली नाही, उजवा गुडघा मात्र भोपळ्यासारखा टम्म फुगला!

"चालणं सोडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण दमानं. सपाट रस्ता धरा, मध्ये थांबा. बैठका बंद. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, खाली ठेवायचा, एवढंच. आणि काठी घ्या. डाव्या हातात."

"काठी म्हाताऱ्यांना लागते!"

"मग तुम्ही कोण?"

मी फी देऊन निघालो.

घरी आमच्या हिने तर निकालच लावला. "काठी घ्या, नाहीतर भिंगरीला शाळेत मी सोडते. तुमचा गुडघा रस्त्यात बसला, तर पोरगी तुम्हाला उचलणार का?"

भिंगरी म्हणजे आमची नात. चालणं तिला ठाऊकच नाही, दारापासून जिन्यापर्यंतसुद्धा पळतच जाते. तिला शाळेत सोडणं ही माझ्याकडे उरलेली एकुलती एक नोकरी. ती गेली की मी घरातलं जुनं कपाट! पण काठी टेकत शाळेच्या फाटकात जायचं? ज्याने त्याच शाळेची फरशी बसवली, त्याने?

"गुडघा बरा झालाय!" मी ठोकून दिलं. आणि मला अशी युक्ती सुचली, की माझं मलाच कौतुक वाटलं. माळ्यावर एक लांब, काळी, वाकड्या मुठीची छत्री होती. खाली लोखंडी टोक. काठी ती काठी, वर कुणाला संशय नाही! वजन टाकल्यावर मध्येच उघडू नये, म्हणून तिला तारेने आवळून टाकली आणि वर कापड घट्ट गुंडाळलं. काम एकदम पक्कं. माझ्या फरशीसारखं!

नियम असा ठरवला, की गुडघा दुखेल त्या दिवशी छत्री, नाही तर मोकळे हात. वाटेत दम खायलाही युक्ती होती. मी अक्षरं शिकलो म्हातारपणी, भिंगरी पहिलीत असताना तिच्या शेजारी बसून. त्यामुळे दिसेल त्या दुकानाची पाटी वाचत उभं राहायचा मला हक्कच होता.

"आजोबा, हीच पाटी काल वाचलीत!"

"आज समजून वाचतोय गं!"

कोपऱ्यावर लॉन्ड्रीवाल्या ताईंचं दुकान. अंगणभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर चादरी. त्यांनी पहिल्याच दिवशी हटकलं, "आजोबा, एवढ्या उन्हात छत्री?"

गुडघ्याचं सांगितलं असतं, तर ते दुपारच्या आत हिच्या कानावर गेलं असतं. मी आभाळाकडे पाहून गंभीरपणे म्हणालो, "काही सांगता येत नाही, ताई."

आणि संध्याकाळी पाऊस पडला हो!

पुढे काही दिवस गुडघा बरा होता, मी मोकळ्या हाताने हिंडलो, ऊन पडलं. पुन्हा एकदा ठणकला, छत्री घेतली, पुन्हा पाऊस! झालं! ताई माझी छत्री बघून चादरी वाळत घालायला लागल्या. शेजारपाजारचे गच्चीतली गादी उचलायला लागले. शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा माझ्या छत्रीकडे दुर्लक्ष केलं, तर पटांगणातल्या कार्यक्रमाचे पडदे भिजले. तेव्हापासून त्या फाटकात मला नमस्कार करायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग आला शर्यतींचा दिवस. भिंगरीने कित्येक दिवस गल्लीत पळून सराव केलेला. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार, म्हणजे या पटांगणावरची तिची ही शेवटची शर्यत. आदल्या संध्याकाळी मला काय अवदसा आठवली! "पळताना हात असे हलवायचे!" म्हणत मीच गल्लीत पळून दाखवलं. जेमतेम दोन घरं पळालो असेन. सकाळी गुडघा पुन्हा भोपळा!

आभाळ पुसलेल्या पाटीसारखं स्वच्छ. मी छत्री घेतली.

कोपऱ्यावर ताईंनी मला पाहिलं आणि ओल्या चादरी भराभरा ओढायला सुरुवात केली. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत दोऱ्या रिकाम्या! शाळेत पटांगणावर चुन्याच्या रेघा आखलेल्या, पालक जमलेले. मोठ्या बाई हातात माईक घेऊन उभ्या. त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर गेली आणि चेहरा उतरला.

"आजोबा... छत्री?"

"नाही, म्हणजे, सहज..."

"तुम्ही सहज आणत नाही!" आणि माईकवर जाहीर झालं, "शर्यती रद्द! पाऊस येणार आहे. सगळ्यांनी हॉलमध्ये चला, संगीत खुर्ची होईल!"

पालक माझ्याजवळ येऊन आभार मानायला लागले. "बरं झालं, वेळेत सांगितलंत!" गर्दीत आमची ही पाण्याची बाटली घेऊन उभी होती आणि माझ्याकडे रोखून बघत होती.

भिंगरीने आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजोबा, खरंच येणार पाऊस?"

तोंड उघडलं तर नोकरी गेली. गप्प बसलो तर पोरीची शर्यत गेली.

"बाई, थांबा!" मी ओरडलो. "ही छत्री नाही! ही काठी आहे!"

सगळ्यांनी छत्रीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आजोबांना ऊन लागलं," कुणीतरी हळूच म्हणालं. "पाणी द्या जरा."

"अहो, ऊन नाही लागलं! हिच्यावर रेलून चालतो मी. गुडघा दुखतो माझा!"

मोठ्या बाई समजुतीने म्हणाल्या, "बरं, बरं. उघडा बघू."

"उघडत नाही ती! तार बांधलीय!" मी कापड सोडून तार दाखवली. तरी कुणाला पटेना, म्हणून भर पटांगणात पॅन्ट वर करून गुडघा दाखवला. "आभाळातलं मला काहीही कळत नाही! काठी घ्यायची लाज वाटली, म्हणून हे सगळं केलं!"

माझा आवाज मला स्वतःलाच दुरून ऐकू आला. बाईंच्या हातातला माईक चालू होता.

सगळं पटांगण हसलं. माईकवरचं ऐकून आलेल्या लॉन्ड्रीवाल्या ताई फाटकाबाहेर ओल्या चादरींचा ढीग कवटाळून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. आमची ही पुढे आली आणि माझी पॅन्ट खाली ओढत एवढंच म्हणाली, "झाका आता." त्या क्षणी मीच बसवलेली एखादी फरशी उचलून तिच्याखाली शिरावंसं वाटलं.

शर्यत झाली. भिंगरी दुसरी आली. पहिलीच यायची, पण पळताना सारखी आभाळाकडे बघत होती!

घरी मला वाटलं, नोकरी गेली. हिने दुसऱ्या दिवशी दारात काठी आणून ठेवली. "लवकर निघा, सावकाश जा. आणि दम लागला तर सरळ बसा, पाट्या वाचू नका."

काठी घेऊन मान खाली घालून निघालो. कोपऱ्यावर ताई म्हणाल्या, "आज काठी? म्हणजे कडक ऊन!"

"अहो ताई, काठीचा आणि आभाळाचा काहीएक संबंध नाही!"

पण त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी वाळत घातल्या.

भिंगरीला सोडून परतलो, तो कोपऱ्यावरच पावसाने गाठलं. असा कोसळला, की समोरचं दिसेना! मी मुकाट्याने ताईंना चादरी ओढू लागलो आणि दोघंही चिंब होऊन छपराखाली उभे राहिलो. मला मान वर करवेना. ताई आत गेल्या आणि स्वतःची छत्री आणून माझ्या रिकाम्या हातात दिली.

"घ्या, आजोबा," त्या म्हणाल्या. "ही उघडते."