डगमगणाऱ्या खुर्चीचा पहिला नंबर

“खुर्ची करायला लागत नाही एवढा वेळ हिला फोटो काढायला लागतो,” पोट आत ओढून खुर्चीशेजारी उभे असलेले बाबा ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

सूनबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सासऱ्यांच्या सुतारकामाचा ब्लॉग ती चालवत होती, तोही कुणी न शिकवता. मथळा कसा द्यावा, परिच्छेद कुठे तोडावा, सगळं धडपडत शिकलेली. त्यातलं तिचं लाडकं काम फोटोच्या वर्णनाचं. ते पानावर दिसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना फोन ते वाचून दाखवतो. अशा माणसाशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा बाणा. म्हणून पानावर ‘भक्कम लाकडी खुर्ची’ आणि आतल्या वर्णनात खरं ते: ‘लाकडी खुर्ची. पॉलिश सुरेख. मागचा डावा पाय आखूड, त्यामुळे डगमगणारी खुर्ची.’

वर्षभर बाबांच्या हातची प्रत्येक खुर्ची डगमगत होती. घरात त्यावर चकार शब्द नाही. सासूबाई गुपचूप पायाखाली पुठ्ठा सरकवत, नवरा फरशीच्या नावानं खडे फोडी.

पण माणसांना न दिसणारं ते वर्णन सर्च इंजिन मात्र मन लावून वाचत होतं. कुणीही ‘डगमगणारी खुर्ची’ शोधली की सगळ्यात वर बाबांचं दुकान. पहिला नंबर बघून सूनबाईची छाती अभिमानानं फुगली. तेवढ्यात दारात माणसं यायला लागली, आपापल्या डगमगत्या खुर्च्या घेऊन. एका खानावळवाल्यानं तर टेम्पोभर स्टुलं आणून उतरवली.

नव्या खुर्च्या करणाऱ्या माणसाकडे ही मोडकी वरात कुणी धाडली, असं बाबांनी विचारलं. नवरा म्हणाला, जाहिरात फळली. सासूबाई म्हणाल्या, हल्ली बाजारात मालच हलका येतो. वर्णनं पुसून टाकावीत म्हणून फोन शोधत सूनबाई बाबांच्या कारखान्याच्या दाराशी आली.

आतून एका बाईचा सपाट आवाज येत होता. “मागचा डावा पाय आखूड, त्यामुळे डगमगणारी खुर्ची.”

तिचाच फोन कानाशी धरून बाबा बसले होते.

“बाबा, ते मी पुसणारच होते.”

“खबरदार पुसलंस तर. पहिल्यापासून ऐकतोय मी. घरात खरं बोलणारं हे एवढंच. आणि लिहितेस झकास हो, खुर्ची समोर उभी राहते.”

“पण पानावर फोटो असतो की. ऐकत कशाला बसायचं?” उत्तराचा अंदाज येऊनही तिनं विचारलं.

बाबांनी खुर्चीच्या पाठीवरून तळवा फिरवला. लाकूड आरशासारखं गुळगुळीत होतं.

“हात अजून तसाच पक्का आहे, सूनबाई. मला दिसत नाही, एवढंच.”