चारशे ऐंशी तासांची खिडकी

नागरिक सुलभता संचालनालय, हालापा, तळमजला, खिडकी क्रमांक चार. इथे हयातीचा दाखला मिळतो. मी, रेमिहियो बार्रादास, कॉफीच्या गिरणीतून निवृत्त, गेल्या ऑक्टोबरपासून दर सोमवारी आणि गुरुवारी इथल्या रांगेत उभा असतो. मी जिवंत आहे याबद्दल मला स्वतःला शंका नाही. पण दाखल्याशिवाय नुसतं जिवंत असणं हा उर्मटपणा झाला, आणि मी उर्मट माणूस नाही.

डिसेंबरात या आवारात मारिक्रूस आली. विद्यापीठात ती अ‍ॅनिमेशन शिकत होती. आमच्याकडे पदवी हवी तर आधी चारशे ऐंशी तास समाजसेवा करावी लागते. सेवेचं पत्र मिळालं की पदवी, आणि पदवी मिळाली की माणूस जन्मभराचा ‘लिसेन्सियादो’ होतो; मग त्याला नावाने हाक मारायची कोणाची छाती होत नाही. मारिक्रूसला ग्वादालाहाराच्या एका स्टुडिओने नोकरी देऊ केली होती. अट एकच होती, पंधरा जूनच्या आत पत्र हजर करायचं.

संचालनालयाने तिला जिन्याखाली एक टेबल दिलं आणि फिल्मसाठी विषय दिला: ‘आमची सेवा, तत्पर सेवा’.

सुरुवातीला तिच्या चित्रातली म्हातारी चाकं लावल्यासारखी सरकायची. रांगेतल्या एउफ्रासियाबाईंनी ती पाहिली आणि तोंडावर सांगितलं, “पोरी, हिला गुडघेच नाहीत. गुडघे नसलेली म्हातारी देवाने अजून बनवली नाही.”

पोरीने ते मनावर घेतलं. मग दर सोमवारी-गुरुवारी आमची कवायत सुरू झाली.

“डॉन रेमिहियो,” ती मला आदराने म्हणायची, “बाकावरून उठा बघू.”

“अगं, आत्ताच तर उठलो.”

“पुन्हा. तुम्ही आधी मांडीवर हात टेकता की आधी तोंड वाकडं करता, तेच कळत नाहीये.”

अकरा वेळा उठलो. आधी तोंड वाकडं होतं, हे सत्तराव्या वर्षी मला तिच्याकडून कळलं. मार्चपर्यंत म्हातारी चालायला लागली, एप्रिलमध्ये दम खायला लागली, आणि मे महिन्यात तिच्या हातून निसटलेला कागद असा भिरभिरत गेला की भिंतीवर फिल्म बघताना मीच तो पकडायला हात पुढे केला. शेवटी म्हातारी तो कागद झग्याच्या ओच्यात झेलते, खिडकीत देते, शिक्का पडतो. बस्स, एवढंच. एउफ्रासियाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “शिक्का पडला गं बाई.”

सेकंदाला बारा चित्रं, चाळीस सेकंद, एकूण चारशे ऐंशी चित्रं. प्रत्येकाला एक तास. हिशोब काट्यावर जुळत होता.

खिडकी चारच्या मागे लिसेन्सियादो ओकान्या बसतात, म्हणजे बसतात असं ऐकिवात आहे. जूनच्या सुरुवातीला फिल्म नोंदवायची होती, त्या दिवशी ते स्वतः बाहेर आले.

“फिल्म केवढी आहे?”

“चाळीस सेकंद, लिसेन्सियादो.”

त्यांनी नोंदवहीत लिहिलं: सेवा, चाळीस सेकंद. “म्हणजे राहिले चारशे एकोणऐंशी तास, एकोणसाठ मिनिटं, वीस सेकंद. चांगली सुरुवात आहे.”

मारिक्रूसला वाटलं चेष्टा आहे. पण चेष्टेला वरून मंजुरी लागते. ओकान्यांनी परिपत्रक काढून दाखवलं: दृक्श्राव्य सेवेचे तास म्हणजे फिल्म चालण्याचा प्रत्यक्ष कालावधी. समारंभांचं चित्रण करणाऱ्या मुलांसाठी ते काढलं होतं. भाषण चार तासांचं, चित्रण चार तासांचं, सेवा चार तासांची. आजवर कोणाची तक्रार नव्हती.

“पण मी सहा महिने इथे बसून चित्रं काढलीत! एका सेकंदाला बारा!”

“बारा तुला सांगितली कोणी? एक काढून थांबायचं. आणि ही बाई पळतेय वाटतं कागदामागे? आवारात पळायला मनाई आहे.”

“मला तक्रार करायचीय.”

“अवश्य कर. अर्जावर एका पदवीधराची सही लागेल. तू अजून झाली नाहीस ना?”

पोरीचं तोंड एवढंसं झालं. एउफ्रासियाबाईंनी तिला डब्यातला मक्याच्या पिठाचा वाफवलेला तमाल दिला, तिने तो हातात तसाच धरून ठेवला. पंधरा जूनला दहाच दिवस उरले होते. अशा वेळी आम्ही रांगेतले तिच्या मागे ठामपणे उभे राहिलो, म्हणजे आपापल्या जागेवरच. नंबर सोडून कसं जाणार?

तिसऱ्या दिवशी ती आली ती शांत. तिने एकच चित्र काढलं होतं: बंद खिडकी, आणि तिच्यासमोर आमची रांग. ते तिने कॉम्प्युटरवर ताणून चारशे ऐंशी तासांचं केलं. ओकान्यांनी लांबी तपासली, मग चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.

“काही हलत नाही यात.”

“नाही, लिसेन्सियादो.”

“गडबड नाही, पळापळ नाही.” ते मनापासून हेलावले होते. “बघ, सहा महिन्यांत तुझा हात केवढा सुधारला!”

शिक्का पडला. पत्र मिळालं. फिल्म जनतेसाठी हॉलमधल्या टीव्हीवर लावण्यात आली, खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. आम्हाला ती फारच आवडली. चित्रात माझा नंबर तिसरा होता, प्रत्यक्षात नववा.

निघताना मारिक्रूस माझ्या कानाशी आली. “डॉन रेमिहियो, एक सेकंद मी नीट केलाय. बारा चित्रं. त्या सेकंदाला खिडकी उघडते आणि तुमचं काम होतं. कधी ते सांगणार नाही. पण तुम्ही खऱ्या खिडकीकडेच बघा हं. माझ्या चित्रात जीव नका अडकवू.”

“बघतोय ना पोरी,” मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो.

ती गेली. ही बातमी मी रांगेत सांगितली, आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघत आहोत. कोणी बोलत नाही, कोणी भांडत नाही. सप्टेंबरात संचालनालयाने एक सूचना लावली. एउफ्रासियाबाईंना माझ्या वाटचं बघायला सांगून मी ती वाचून आलो: ‘खिडकी क्रमांक चार जूनपासून दररोज सकाळी दहा वाजता उघडण्यात आली. एकही नागरिक तिच्याकडे न वळल्यामुळे मागणी नसल्याचे सिद्ध होते. सबब ती कायमची बंद करण्यात येत आहे.’

मी घाईने परतलो. “काही उघडलं का हो?”

“नाही. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही,” बाई म्हणाल्या.

तुम्ही हसताय. हसा. इतका वेळ हातातल्या या पानावर नजर रोवून बसलात, तेव्हा तुमच्याही मागे काही उघडून मिटलं असेल. पण मान वळवू नका. नेमका तोच सेकंद चुकायचा.