गायधनीकाका आणि न वाजणारी नोट

गायधनीकाकांच्या हातात तुम्ही नोट दिलीत की ते आधी ती कानाशी नेतात. दोन टोकांना धरून ताणतात, आवाज ऐकतात, मग उजेडात धरतात, मग तिच्यावरून अंगठा फिरवतात. तोवर तुम्ही आपले उभे. काकांनी पस्तीस वर्षं नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीचं काम केलं. ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. "बघितल्याशिवाय पास नाही," हे त्यांचं पालुपद.

आम्ही इंदिरानगरात समोरासमोर राहतो, त्यामुळे माझीही तपासणी होते. वाटीभर साखर पाठवली तर ती चिमटीत धरून बघतात. त्र्यंबकेश्वरला एकदा आम्ही बरोबर गेलो होतो. दानपेटीत टाकायची स्वतःचीच नोट काका उजेडात धरून उभे, आणि मागे रांग खोळंबलेली. मी म्हटलं, "काका, देव काय तपासून घेतोय का?" तर म्हणाले, "म्हणून तर आपण तपासायची. देवाला खोटी गेली तर?" हरसूलहून नागली, म्हणजे नाचणी, विकायला येणारे लहानूभाऊ एकदा वैतागून म्हणाले होते, "काका, नोट हाय ती. पोरीसाठी स्थळ नाय बघायचं!"

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं बँकेतली चांगली नोकरी सोडून नोटा बनवणाऱ्या परदेशातल्या कंपनीत जावं, याला काय म्हणायचं? आणि नोटा तरी कसल्या, तर क्रिप्टोच्या. दिसायला नोट, पण आत नखाएवढी चिप आणि पैसे त्या चिपमध्ये. केतकीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "म्हणजे बनावट नोटांचा कारखाना." तिनं फोन ठेवून दिला. त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती फक्त आईशी बोलते. काकू आतल्या खोलीत बोलत असतात तेव्हा काका बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतात.

दोन महिन्यांपूर्वी कुरिअर आलं. पाकिटात एकच नोट आणि एक चिठ्ठी. 'बाबा, मी डिझाइन केलेली ही पहिली नोट. तुम्ही पास केलीत तरच मी पास.'

काकांनी नोट कानाशी नेली. ती वाजली नाही, प्लास्टिकचीच होती. उजेडात धरली, तर ना वॉटरमार्क ना आतली चंदेरी तार. ते तसेच माझ्याकडे आले. "आणि वचन कुठंय? आपल्या नोटेवर धारकाला वचन दिलेलं असतं, खाली सही असते. हिच्यावर कोण वचन देतंय?"

सोबतच्या कागदावर लिहिलेलं मी वाचून दाखवलं. मोबाइल नोटेला टेकवायचा, नोट खरी असेल तर हिरवी खूण येते आणि आतली रक्कम रुपयांत दिसते. काकांच्या जुन्या मोबाइलला हे जमेना, म्हणून माझा घेतला. हिरवी खूण आली. झालं, मी मनात म्हटलं, सुटली बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काका पुन्हा दारात. "काल खरी होती. आजचं काय?" खूण हिरवीच आली, पण रक्कम थोडी उतरली होती. "बघ मनीषा! कपाटात होती, कुणी हातसुद्धा लावला नाही, आणि कमी झाली." क्रिप्टोचा भाव सारखा बदलतो, असं मी समजावलं. "सकाळी एक, संध्याकाळी एक. ही नोट आहे का कोथिंबीर?"

मग रोजच साडेसात. चिप आपलं बोलणं ऐकते, असाही त्यांना संशय आला. नोट स्टीलच्या डब्यात गेली, आणि काकूंना डब्यासमोर दागिन्यांचा विषय काढायची बंदी झाली. रोज हिरवी खूण, रोज "उद्या बघू." मला आता त्यांचाच संशय येऊ लागला. म्हाताऱ्याला ही नोट पास करायचीच नाहीये. मुलगी तिकडे एका शब्दासाठी ताटकळतेय आणि हे इथे कोथिंबिरीचा भाव विचारतायत. एकदा मी चिडून म्हणालेसुद्धा, "काका, आता पास म्हणा ना तिला!"

"घाईत पास केली की नंतर निस्तरावं लागतं," असं म्हणून काका डबा घेऊन गेले.

गेल्या आठवड्यात मी चार दिवस कामासाठी कोल्हापूरला गेले. मोबाइल अर्थात माझ्याबरोबर. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले, आठ वाजले, तरी काकांचा पत्ता नाही. मीच त्यांच्याकडे गेले. काका दाढीबिढी करून चहा पीत बसले होते.

"काल केतकीचा फोन आला होता," काकू दारातच म्हणाल्या. "मला नाही, यांना!"

मग उलगडा झाला. ती नोट केतकीच्या नावावर नोंदलेली. इकडे मोबाइल टेकवला की तिकडे तिला कळायचं, नोट तपासली. दोन महिने रोज न चुकता तिला तो निरोप मिळत होता. चार दिवस मिळाला नाही, तेव्हा तिनं घाबरून थेट बापालाच फोन लावला. पहिलंच वाक्य, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"पाऊण तास बोलत होते," काकू म्हणाल्या.

"आणि नोटेचं?" मी विचारलं.

"तपासणी चालू आहे म्हटलं," काका कपात बघत म्हणाले.

मला एकदम भरून आलं. इतके दिवस मनातल्या मनात या माणसाला काय काय बोलले होते, त्याची लाज वाटली. मी मोबाइल पुढे केला. "आणा तो डबा, काका. तिला कळू दे, सगळं ठीक आहे म्हणून."

काकांनी कपाटातून डबा काढला. झाकणावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि न उघडताच तो परत आत ठेवला.

"आज नको," ते हळूच म्हणाले. "आणखी तीन दिवस जाऊ देत."