समोरची लाल खुर्ची

बोईसरमध्ये कांदा-बटाट्याचा टेम्पो फिरतो ना, त्याच्या भोंग्यात "कांदा घ्या, बटाटा घ्या" झालं की मधेच एक बाई विचारते, "ओला नाहीये ना रे?" ती बाई माझी आई आहे. आणि हे सगळं बाळूकाकांमुळे झालंय.

बाळूकाका म्हणजे कुंभवलीतले आमचे शेजारी, मूळचे केळव्याचे. पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकून, ते गाणी रेकॉर्ड करतात. गिरणी थांबली की स्टुडिओ चालू. केळव्याच्या बायकांची लग्नातली गाणी, वाणगावचं भजनी मंडळ, डोंगरातल्या पाड्यावर फुंकतात तो तारपा, कंपनीतल्या पोरांचं रॅप, सगळं यांनीच केलंय! तुम्ही ऐकलंही असेल. पण नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणतात, "गाणं ज्याचं त्याचं. आमी नुसती बटणं दाबतो."

नियम मात्र कडक. गाणाऱ्यासमोर प्लास्टिकची लाल खुर्ची, आणि तिच्यावर ऐकणारं माणूस. "माइकला कान हाय, काळीज नाय. माणसाला सांग." खुर्ची रिकामी असली की रेकॉर्डिंग रद्द. त्या टेम्पोवाल्याचा आवाज भरताना समोर गिऱ्हाईक पाहिजे म्हणून आईला बसवलं, तर ती खरंच चौकशी करायला लागली. काकांना तेच आवडलं.

एका पोराने सुपरवायझरला शिव्या घालणारं रॅप लिहून आणलं. काका चहाच्या निमित्ताने त्या सुपरवायझरलाच घेऊन आले आणि खुर्चीत बसवलं! पोराने प्रत्येक ओळीच्या शेवटी "साहेब" जोडलं. ते रॅप आता कंपनीच्या पूजेला वाजतं. आणि बिहारचा एक कामगार आईवरचं गाणं घेऊन आला, तर त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल खुर्चीवर उशीला टेकवून ठेवला. ते गाणं मला अजून पूर्ण ऐकवत नाही.

तर परवा माझ्या ताईची हळद होती. गाणं मी लिहिलेलं, चाल काकांची, आणि आदल्या दुपारी गाणाऱ्या मावशींचा घसाच बसला. मी म्हटलं, काका, तुम्हीच गा ना, चाल तर तुमचीच आहे. ते नुसते वायरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, खुर्चीवर कोण बसणार? मी पटकन बसले.

"तू नको. तू मोबाइल बघतेस."

मी उठले, मोबाइल गिरणीवाल्याकडे ठेवला आणि परत येऊन बसले.

काका गायले. पहिल्या कडव्यात माझ्या चपलांकडे बघत, चोरट्यासारखे. दुसऱ्या कडव्यात हळूच वर बघितलं. ताई सासरी निघाली त्या ओळीला तर थेट माझ्याकडे बघून गायले, आणि मी रडायला लागले. इतकी वर्षं शेजारी राहून हा आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता.

गाणं झालं. त्यांनी पेनड्राइव्ह हातात दिला, हळदीची काळजी मिटली. मी दारापर्यंत गेले, तर ते खुर्ची पुसत होते. आधीच स्वच्छ असलेली.

"लगीन झाल्यावर मोकळी असशील ना?"

मी विचारलं, का हो?

"नाय, काय हाय... माझीपण गाणी हायेत. लय जुनी." ते पुसतच राहिले. "समोर बसायला कोणी नव्हता."