अकरा वेळा माफी

फट्.

दुपारच्या शांततेत एक द्राक्ष फुटलं. शुभांगीनं हातातली सुई तशीच हवेत धरली. पलंगावर सृष्टी चुळबुळली, कूस बदलली आणि पुन्हा झोपली. शुभांगीनं सोडलेला श्वासच काय तो त्यानंतर ऐकू आला.

शाळेच्या संमेलनात बालवाडीचा द्राक्षबागेचा नाच होता आणि साडेचार वर्षांची सृष्टी त्यात घड होती. घड म्हणजे हिरवा फ्रॉक आणि त्यावर टाचलेले एकोणीस चिमुकले फुगे. फुगे सुईनं टाचून आणा असं सांगणाऱ्या बाईंनी जन्मात फुगा हातात धरला नसावा. आता अठरा उरले होते. नाच चार वाजता होता. "तू पहिल्या रांगेत बसशील ना?" हे सृष्टीनं सकाळपासून तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा शुभांगीनं हो म्हटलं होतं.

पावणेदोनला फोन आला. शुभांगी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. शनिवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी, तरी सोमनाथसाहेब कामावर होते. त्यांचा आवाज खोल विहिरीतून येत होता.

"मॅडम, कोइमतूरच्या पार्टीला मी सकाळी एक मेल पाठवली. ड्रॉइंग द्यायला उशीर झाला म्हणून माफी मागितली, सोबत ड्रॉइंग जोडलं. ती मेल त्यांना अकरा वेळा गेलीय."

"आणि ड्रॉइंग?"

"अकराही वेळा उघडत नाहीये."

आज ड्रॉइंग पोचलं नाही तर ऑर्डर हातची जाईल, असं साहेबांचं म्हणणं पडलं. शुभांगीनं शेवंतीच्या वाफ्यात खुरपणाऱ्या सासूबाईंना हाक मारली. भागुबाई हात पुसत आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जाय तू. घड मी घेऊन जाते शाळंत. पर चारच्या आत ये माय, पोरगी लय वाट बघल."

"चारच्या आत येतेच," शुभांगी म्हणाली. म्हणजे आता चौथ्यांदा.

कारखान्यात मेलचे दोन सर्व्हर होते. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, कारण दोघींची रीत जावांसारखी होती. दर सेकंदाला एकमेकींना विचारायचं, बरी आहेस ना? उत्तर आलं नाही की दुसरीनं मुकाट्यानं पदर खोचून सगळं काम उचलायचं. सकाळपासून मात्र थोरली पडत होती, धाकटी उचलत होती, मग धाकटी पडत होती आणि थोरली उठत होती. एकीनं पाठवलेली मेल गेली की नाही हे दुसरीला कळेना, म्हणून दुसरीही पाठवत होती. साहेबांच्या माफीला अंत नव्हता.

शुभांगीनं केबल बदलली. धाकटीची केबल थोरलीला लावली. दोघींना बंद करून चालू केलं, त्यात वीस मिनिटं गेली. साहेब पाठीमागे उभे राहून दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत होते, आणि मध्येच फोन घेऊन पडेल आवाजात कोइमतूरला विचारत होते, बारावी आली का, सॉरी. त्या सॉरीमुळे माफीची संख्या वाढतच होती. वॉचमन सावळीराम चहा ठेवून गेला. त्यानं दोन्ही मशिनींकडे बघून हात जोडले, तेवढ्यानंही काही झालं नाही.

तीन वाजून गेले आणि शुभांगीच्या डोक्यात उजेड पडला. दोघी एकाच वेळी आजारी कशा पडतील? दोघींनी एकाच दिवशी एकच काहीतरी खाल्लं असेल तरच.

आणि खाऊ घातलं होतं तिनंच. गुरुवारी नवं अपडेट आलं होतं. खरी पद्धत अशी, की आधी एकीला द्यायचं, आठ दिवस बघायचं, मग दुसरीला. पण भागुबाईंच्या घरात एका सुनेला लुगडं घेतलं की दुसरीलाही त्याच दिवशी, हा नेम होता. सात वर्षांत तो शुभांगीच्या हाडात मुरला होता. शिवाय गुरुवारी फुगे आणायचे होते. तिनं दोघींना एकाच बैठकीत देऊन टाकलं होतं.

तिनं नेटवर्क कार्डाचं सेटिंग उघडलं. पूर्वी प्रत्येक मेलचे तुकडे करणं, ते मोजणं, मोजणीची चिठ्ठी लावणं हे सगळं सर्व्हर स्वतः करायचा. अपडेटनं ते काम परस्पर कार्डाकडे सोपवलं होतं, मालकिणीवरचा भार हलका व्हावा म्हणून. कार्ड म्हणजे दारावरचा गडी. चार ओळींची मेल तो नीट मोजायचा, मोठं ड्रॉइंग आलं की त्याची मोजणी चुकायची, आणि ती चुकलेलीच चिठ्ठी चिकटवून तो माल रवाना करायचा. त्या गोंधळात दोघींची एकमेकींची विचारपूसही दारातच अडकायची, म्हणून एकीला दुसरी पडल्यासारखी वाटायची.

शुभांगीनं ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. आधी धाकटीवर, मग खात्री करून थोरलीवर. चारला पाच कमी असताना मेल गेली. एकदाच. साहेबांनी फोन स्पीकरवर लावला.

"ड्रॉइंग उघडलं," पलीकडचे गृहस्थ हिंदीत म्हणाले. "पण घाई नव्हती साहेब, सोमवारी पाठवलं असतं तरी चाललं असतं. तीस वर्षं धंद्यात आहे, माझी इतक्या वेळा माफी कोणी मागितली नव्हती. माझ्या भावानंसुद्धा नाही. ऑर्डर तुमचीच."

साहेबांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, ते सेटिंग... कधी गरज पडली तर परत चालू करता येतं ना?"

शुभांगी उत्तर द्यायला थांबली नाही. आयटीआयच्या सिग्नलला तिची स्कूटी थांबली तेव्हा चार वाजून दहा झाले होते. सिग्नलचे आकडे उलटे मोजत तिनं स्वतःला समजावलं की शाळेचे कार्यक्रम कधी वेळेवर सुरू होत नाहीत.

हा मात्र वेळेआधीच सुरू झाला होता. पाहुण्यांना लवकर जायचं होतं म्हणून बालवाडीचा नाच आधीच उरकला होता. शाळेच्या फाटकाशी भागुबाई उभ्या होत्या, आणि त्यांचं बोट धरून सात फुग्यांचा घड.

शुभांगी तिथंच उकिडवी बसली. सृष्टीच्या गालावरची हिरवी टिकली अर्धी निघाली होती, ती तिनं बोटानं नीट दाबली. सॉरी म्हणाली. पुन्हा म्हणाली.

"आगं, ऱ्हाऊ दे," भागुबाई म्हणाल्या. "मी बघितलं ना डोळं भरून. एक पाऊल चुकली नाय. पहिल्या रांगंत बसले व्हते, दोन बायांना उठवून."

सृष्टीनं मान डोलावली. रडली नव्हती, रुसलीही नव्हती. ती विचार करत होती. आजीच्या तोंडाकडे तिनं नीट निरखून बघितलं, मग आईच्या. मग दोन्ही हातांनी आईचे गाल धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"आई, आजीनं बघितलं ना, ते तिच्या डोळ्यांतनं तुझ्या डोळ्यांत कसं जाणार?"